पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे पहिले 702 माइल: वाळवंट आणि डोंगर दोन्ही एकत्र कसे चालायचे

आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपमधले बरेच जण विचारतायत की पीसीटी म्हणजे अमेरिकेतला पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल करायचाय पण 5-6 महिने सुट्टी काही मिळणार नाही, मग काय करायचं. माझं उत्तर एकच असतं, दक्षिण कॅलिफोर्नियाचा तुकडा करा. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पो गावापासून सिएरा नेवाडाच्या दारात असलेल्या केनेडी मेडोजपर्यंत, 702 माइल म्हणजे साधारण 1130 किलोमीटर. पूर्ण ट्रेल आहे 2650 माइलचा, कॅनडापर्यंत जाणारा. मी हा पहिला तुकडा एप्रिल ते मे असा 50 दिवसांत चालून आलोय, तर जे समजलं ते सगळं सविस्तर लिहितो.

ह्या भागाला सगळे सरसकट डेझर्ट म्हणतात आणि तिथेच पहिली गडबड होते. आपल्या डोक्यात डेझर्ट म्हणजे वाळूचे ढीग आणि उंट. इथे तसं काही नाहीये. इथे डोंगराच्या रांगा आहेत एकामागे एक, आणि ट्रेल त्या रांगांवर चढतो, पलीकडे उतरतो, मधली कोरडी दरी पार करतो आणि परत चढतो. म्हणजे सकाळी तुम्ही पाइनच्या जंगलात बर्फावर उभे असता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निवडुंगाच्या मधे 38 डिग्रीत. माउंट लगूना 6000 फुटांवर, पुढे सिझर्स क्रॉसिंगला उतरलात की 2300च्या आसपास, मग सॅन जसिंटोच्या खांद्यावर 9000 फूट आणि तिथून थेट 1200-1300 फुटांवर खाली. ह्या एका उताराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, फुलर रिजच्या कॅम्पवरून खालच्या हायवेपर्यंत साधारण 2000 मीटर उतरावं लागतं. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1646 मीटर आहे. म्हणजे अख्खं कळसूबाई उतरून वर साडेतीनशे मीटर, आणि त्या उतारावर 15 माइल पाणी नाही.

दुसरी गोष्ट सह्याद्रीवाल्यांसाठी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला घाम दिसतो. राजगडावर मे महिन्यात चढलात तर टीशर्ट पिळून काढता येतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते शरीर स्वतःच सांगतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, कपडे कोरडेच राहतात, फक्त टोपीच्या कडेला आणि बॅगच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. तिसऱ्या दिवशी मला वाटत होतं की आज काही फार गरम झालं नाही, आणि संध्याकाळी लघवी गडद पिवळी, डोकं दुखतंय, जेवण जात नाहीये. म्हणजे दिवसभर मी कमी प्यायलो होतो आणि मला कळलंच नव्हतं. त्यानंतर मी तहानेवर विश्वास ठेवणं बंद केलं आणि घड्याळ लावून प्यायला लागलो.

आधी परमिटचं उरकून घेऊ. सलग 500 माइल किंवा जास्त चालणार असाल तर पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल असोसिएशन लाँग डिस्टन्स परमिट देते, ते फुकट असतं, आणि 702 माइल त्यात आरामात बसतात, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक जंगलाचं वेगळं परमिट काढत बसावं लागत नाही. 1 मार्च ते 31 मेच्या काळात कॅम्पोहून दिवसाला 50 जणांनाच सोडतात. ऑनलाइन नोंदणी दोन टप्प्यांत होते, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आणि मग जानेवारीत, तारखा त्यांच्या साइटवर आधी जाहीर होतात. एप्रिलच्या तारखा भराभर जातात म्हणून नोव्हेंबरातच बसा. शिवाय कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट काढा, तेही फुकट आणि ऑनलाइन, छोटासा व्हिडिओ आणि प्रश्न असतात. नाव कॅम्पफायर असलं तरी गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही ते लागतं. भारतातून येणाऱ्यांना टुरिस्ट व्हिसावर साधारण 6 महिन्यांपर्यंत राहायला मिळतं, नेमकी मुदत विमानतळावर एंट्रीच्या वेळी ठरते, त्यामुळे ह्या तुकड्यासाठी वेळ भरपूर आहे.

कधी निघायचं? मार्चच्या सुरुवातीला निघालात तर सॅन जसिंटोवर बर्फ भरपूर, मेमध्ये निघालात तर खालच्या दऱ्या भाजून काढतात आणि छोटे झरे आटलेले असतात. फक्त हा तुकडा करणार असाल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा मला उत्तम वाटतो, फुलंही असतात, ओकोटिलोच्या काटेरी काठ्यांच्या टोकाला लाल तुरे आलेले असतात. कॅम्पोला जायला सॅन डिएगोजवळच्या एल कहोनमधून 894 नंबरची बस आहे, पण ती शनिवार-रविवारी नसते, वेळा आधी बघून ठेवा.

आता पाणी. ह्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण ह्या 702 माइलमध्ये तुमचा दिवस किलोमीटर ठरवत नाहीत, पाणी ठरवतं. आज कुठे मुक्काम, किती वाजता उठायचं, दुपारी कुठे थांबायचं, पाठीवर किती ओझं, हे सगळं पुढचं खात्रीचं पाणी कुठे आहे त्यावरून मागे मोजत यायचं. फारआउट नावाचं ॲप आहे, त्यात प्रत्येक झरा, नळ, टाकी नकाशावर असते आणि खाली लोकांनी लिहिलेलं असतं की काल इथे पाणी होतं, बारीक धार होती, किंवा टाकीत मेलेला उंदीर होता. शिवाय पीसीटी वॉटर रिपोर्ट असतो. दोन्ही ऑफलाइन डाउनलोड करा, प्रत्येक गावात परत अपडेट करा. आणि तारीख बघा, 3 आठवड्यांपूर्वी कुणी "मस्त धार" लिहिलं असेल तर त्याचा उपयोग शून्य.

हिशोब असा ठेवा. थंड हवेत, डोंगरावर, दर 5 माइलला 1 लिटर. गरम चढावर ते दर 3 माइलला 1 लिटर धरा. रात्री बिनपाण्याच्या जागी झोपणार असाल तर वर 1 ते दीड लिटर. म्हणजे 20 माइलच्या कोरड्या पट्ट्याला थंड हवेतही, मुक्काम धरून, 5-6 लिटर होतात, आणि 1 लिटर म्हणजे 1 किलो, बाकी सामानात वाचवलेला प्रत्येक ग्रॅम इथेच खर्च होतो. मी 6 लिटरची सोय ठेवली होती, साध्या 1 लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या 4 आणि एक 2 लिटरची घडी होणारी पिशवी. नुसत्या पिशवीवर अवलंबून राहू नका, कॅट्सक्लॉ नावाच्या झुडपाला नखासारखे वाकडे काटे असतात, बॅग खाली टेकवताना पिशवी त्यात फाटली की सगळं पाणी एका मिनिटात मातीत.

पाण्यापाशी पोचलात की आधी तिथेच बसून 1 लिटर पिऊन टाका, मग भरा. पोटातलं पाणी पाठीला लागत नाही. आणि संध्याकाळचं जेवण पाण्यापाशी करा, झोप पुढे. म्हणजे 5 वाजता झऱ्यावर पोचलात तर तिथेच शिजवा, खा, भांडं धुवा, भरपूर प्या आणि मग थंड वाऱ्यात अजून 4-5 माइल चालून कोरड्या जागी झोपा. स्वयंपाकाचं पाणी वाहायला लागत नाही, दुसऱ्या दिवशीचा उन्हाचा टप्पा तेवढा कमी होतो, आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांच्या वाटेतही आपण नसतो. ही सवय लागली आणि माझा अर्धा त्रास संपला.

पहिलाच दिवस ह्याची परीक्षा घेतो. कॅम्पोपासून लेक मोरेना 20 माइल, मधला हाउझर क्रीक बहुतेक वेळा कोरडा, आणि त्यानंतर नेमका मोठा चढ. लोक पहिल्या दिवशी उत्साहात 9 वाजता निघतात, 3 लिटर पाणी घेतात आणि दुपारी त्या चढावर बसून राहतात. तुम्ही 5-6 लिटर घ्या, उजाडायला निघा, आणि एका दिवसात मोरेनाला पोचायचा हट्ट धरू नका, मधे एक मुक्काम केला तरी चालतं.

पुढचा मोठा कोरडा पट्टा सिझर्स क्रॉसिंग (कॅम्पोपासून मोजून माइल 77) ते बॅरल स्प्रिंग (माइल 101), सॅन फेलिपे हिल्स. 24 माइल, नैसर्गिक पाणी नाही, सावली नाही. मधे माइल 91 ला थर्ड गेट नावाच्या जागी स्वयंसेवक पाण्याचे कॅन आणून ठेवतात. हे लोक स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पाठीवर हे करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण त्या पाण्याचा हिशोब धरून चालू नका. कॅन रिकामे असू शकतात, आणि तुमच्या मागून खरंच अडचणीत असलेला कुणीतरी येत असतो. मी सिझर्स क्रॉसिंगच्या पुलाखालच्या सावलीत दुपार काढली, साडेचारला 6 लिटर घेऊन निघालो आणि साडेनऊपर्यंत चाललो. ती संध्याकाळ मला अजून डोळ्यासमोर दिसते. ट्रेल डोंगराच्या कुशीतून आत जातो, बाहेर येतो, आत जातो, बाहेर येतो, खाली अख्खी दरी जांभळी होत जाते, चोया निवडुंगाच्या काट्यांवर मागून ऊन पडलं की प्रत्येक झुडपाभोवती पिवळ्या प्रकाशाची कड येते. मग अंधार, आणि अंधारात दगड अजून गरम, हात लावला तर तव्यासारखे नाही पण चहाच्या कपासारखे. त्या 5 तासांत माझं पाणी गेलं दीड लिटर. तोच पट्टा दुपारी चाललो असतो तर दुप्पट गेलं असतं.

त्या आधी ज्युलियन गावात जाऊन या, सिझर्स क्रॉसिंगहून लिफ्ट मिळते, आणि तिथल्या मॉम्स पाय हाऊसमध्ये पीसीटीचं परमिट दाखवलं की ॲपल पाय मिळतो, पैसे घेत नाहीत.

नुसतं पाणी पिऊनही चालत नाही हो. घामात मीठ जातं आणि तुम्ही नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं, मळमळ, डोकं जड, हातापायाला सूज, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी पितात. मी घरून इलेक्ट्रलची पाकिटं नेली होती, दिवसाला 1-2, आणि सोबत खारे शेंगदाणे, लोणच्याची छोटी पाकिटं. लिंबाची पावडर, साखर, मीठ मिसळून डब्यात ठेवली होती, ती चिमूट चिमूट बाटलीत टाकायची. गरम झालेलं प्लास्टिकचं पाणी ज्याने 10 दिवस प्यायलंय त्यालाच लिंबू सरबताची किंमत कळेल.

जेवणाचं आपल्या लोकांचं खरंच सोपं आहे. इथले लोक कोल्ड सोक करतात, म्हणजे डब्यात नूडल्स नाहीतर ओट्स गार पाण्यात भिजत घालायचे आणि तासाभराने खायचे, स्टोव्ह नाही गॅस नाही. मग आपले पोहे काय वेगळे आहेत! पातळ पोहे, मीठ, साखर, लिंबाची पावडर, सुकं खोबरं, तळलेले शेंगदाणे आणि फोडणी आधीच परतून कोरडी करून एका पिशवीत, दुपारच्या थांब्याला अर्धा कप पाणी शिंपडायचं, 10 मिनिटांत दडपे पोहे. अख्ख्या ट्रेलवर माझं हेच दुपारचं जेवण होतं आणि आजूबाजूचे हायकर येऊन चव घेऊन जायचे. रात्री इन्स्टंट भात, मेतकूट आणि तुपाचं छोटं पाकीट, किंवा उपम्याचं तयार मिक्स. चालता चालता शेंगदाण्याचा लाडू, खजूर, टॉर्टियावर पीनट बटर आणि लसणाची चटणी. भारतातून काही आणलंत तर विमानतळावर न चुकता डिक्लेअर करा, नाहीतर लॉस एंजेलिसजवळच्या आर्टिशियात पायोनियर बुलेवार्डवर हे सगळं मिळतं. दिवसाला 3000 कॅलरीच्या वर लागतं, तिसऱ्या आठवड्यापासून भूक आवरत नाही, तेव्हा तूप, तेल, दाणे ह्यांवर भर द्या, वजनाला हलके आणि पोटाला जड.

शाकाहारी लोकांसाठी एक, कहोन पासला (माइल 342) ट्रेलपासून अर्ध्या माइलवर मॅकडोनाल्ड्स आहे आणि तिथे सगळेच थांबतात. अमेरिकेत त्यांच्या फ्राइजमध्ये बीफचा फ्लेवर असतो, भारतासारखे ते शाकाहारी नसतात. आणि कहोन पासवरून निघताना पोट भरलंय म्हणून पाणी कमी घेऊ नका, पुढे राइटवुडच्या दिशेला 20 माइलच्या वर चढ आहे आणि खात्रीचं पाणी नाही. मी तिथून 6 लिटर घेऊन पहाटे 4 ला निघालो होतो.

स्टोव्ह नेणार असाल तर बंद करायची चावी असलेला गॅसचाच न्या, अल्कोहोलवाले वाऱ्यात धोक्याचे आहेत आणि आगीच्या मोसमात त्यांच्यावर बंदी येते. ह्या जंगलात एक ठिणगी काय करते ते चालताना दिसतं, मैलोन्मैल काळे बुंधे उभे असतात. एंजेलिस फॉरेस्टमध्ये 2009च्या स्टेशन फायरने जळालेल्या भागातून ट्रेल जातो, तिथे जळालेल्या जमिनीवर पूडल डॉग बुश नावाचं झुडूप उगवतं, जांभळी फुलं, दिसायला सुंदर, आणि अंगाला लागलं तर फोड. झऱ्यांच्या कडेला पॉयझन ओक असतो, तीन तीन पानांचा. अनोळखी झुडपाला हातच लावायचा नाही एवढं ठरवलं की पुरे.

साप दिसतीलच. रॅटलस्नेक शक्यतो खुळखुळा वाजवून सांगतो, म्हणून निदान एक कान मोकळा ठेवा, दोन्ही कानात इयरफोन घालून चालू नका. थांबा, 2 मीटर मागे या, लांबून वळसा घाला नाहीतर तो जाईपर्यंत वाट बघा. दगडावर बसायच्या आधी काठीने ठोका. चावलाच तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करायचं नाही, अंगठी-घड्याळ काढायचं, शांत बसायचं आणि सॅटेलाइट मेसेंजरवरून एसओएस. हे डिव्हाइस मी ऐच्छिक मानत नाही. फोनला रेंज कधी आहे कधी नाही, आणि घरच्यांना रोज रात्री "पोचलो" एवढा एक मेसेज जातो त्याने आईला झोप लागते.

मोहावेच्या भागात कासव दिसलं तर त्याला उचलू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. घाबरलं की ते साठवलेलं पाणी लघवीवाटे टाकून देतं आणि उन्हाळाभर तेच पाणी त्याला पुरवायचं असतं.

आता बर्फ. डेझर्टच्या गाइडमध्ये बर्फ कशाला असं वाटेल, पण ह्या पूर्ण तुकड्यातली सगळ्यात जीवघेणी जागा मला तीच वाटते. पॅराडाइज व्हॅलीच्या कॅफेपासून (माइल 152) ट्रेल सॅन जसिंटोच्या रांगेत चढतो, अपाची पीकजवळ आणि पुढे फुलर रिजवर उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर बर्फ एप्रिलअखेरपर्यंत टिकू शकतो, आणि तो मऊ नसतो, रात्रीत गोठून काच झालेला असतो. 2020च्या मार्चमध्ये अपाची पीकजवळ घसरून एका तरुण हायकरचा जीव गेला. नुसत्या ट्रेल रनरवर (डोंगरात पळायचे हलके शूज) आणि काठ्यांवर अशा उतारावर जायचं नाही. मायक्रोस्पाइक्स म्हणजे शूजवर चढवायचे लोखंडी काटे हवेतच, उतार तीव्र असेल तर आइस ॲक्स म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि घसरल्यावर तिने स्वतःला थांबवायची सवय हवी, ती नसेल तर ॲक्स पाठीला नुसती शोभा. सॅन जसिंटो ट्रेल रिपोर्ट नावाचा नियमित अहवाल येतो, तो पॅराडाइजच्या आधीच वाचा. परिस्थिती वाईट असेल तर रस्त्याने आयडिलवाइल्ड गावात या, तिथे दोन दिवस थांबा, पुढचा तुकडा सोडून खालून सुरू करा. 30 माइल सुटले म्हणून कुणी पदक काढून घेत नाही.

मी फुलर रिजच्या अलीकडे ज्या रात्री झोपलो त्या रात्री शून्याच्या बरंच खाली गेलं. सकाळी बाटलीत वर बर्फाची चकती. तेव्हा लक्षात आलं की पाण्याचा फिल्टर बाहेर बॅगच्या खिशात राहिलाय. सॉयर कंपनीच्या फिल्टरसारख्या फिल्टरमध्ये बारीक पोकळ नळ्या असतात, आत राहिलेलं पाणी गोठलं की त्या नळ्या चिरतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी तसंच येतं, फक्त गाळलं जात नाही. बिघडलाय की नाही हे तपासायची ट्रेलवर सोय नाही. मी तो तिथेच बाद धरला आणि पुढचे 4 दिवस क्लोरीनच्या गोळ्यांवर काढले, प्रत्येक वेळी गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. तर फिल्टर रात्री झिपलॉकमध्ये घालून झोपायच्या बॅगेत, पायाशी, रोज, हवामान काही असो. गोळ्यांची एक पट्टी फर्स्ट एडमध्ये कायमची. थंडीसाठी मायनस 6-7 डिग्रीपर्यंत चालणारी क्विल्ट किंवा स्लीपिंग बॅग घ्या, वाळवंट म्हणून पातळ चादर घेऊन आलेले लोक पाचव्या रात्री माउंट लगूनाला कुडकुडत बसलेले मी बघितलेत.

पाय. बूट नका घेऊ, जाळीचे ट्रेल रनर घ्या, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, कारण उष्णतेने आणि रोजच्या चालण्याने पाय पसरतात आणि ते परत कमी होत नाहीत. एक जोडी 400-500 माइल जाते, म्हणजे ह्या तुकड्यात एकदा बदलायला लागेल, वाटेतल्या एखाद्या गावात पोस्टाने मागवून ठेवा. बोटं वेगळी असलेले सॉक्स घाला, वर कापडी गेटर म्हणजे वाळू आत येत नाही. कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबा, पुढच्या झाडापर्यंत नाही, तिथेच. बूट काढा, पाय वाळू द्या, ल्युकोटेप नावाची चिकटपट्टी लावा. 2 मिनिटांचं काम असतं, आणि पुढच्या झाडापर्यंत म्हणून 2 माइल गेलात तर फोड येतो आणि मग 4 दिवस लंगडणं. पहिल्या आठवड्यात 10-12 माइलच्या वर जाऊ नका, दम असला तरी. छाती आणि मांड्या 10 दिवसांत तयार होतात, पण टाचेमागची शीर आणि नडगी तयार व्हायला महिना लागतो, सह्याद्रीत वीकेंडला चालणाऱ्यांची तीच पहिली दुखते कारण आपल्याला रोज उठून चालायची सवय नसते.

कपडे पूर्ण बाह्यांचे, टोपीवाला पातळ सन हुडी, फिकट रंगाचा. चांदीच्या रंगाची हलकी छत्री मिळते, ती बॅगच्या पट्टीला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. पावसाळ्यात छत्री धरून वाढलेल्या माणसाला हे पटकन जमतं. सावली नसलेल्या उतारावर तिच्याखाली बसून मी दुपारी 12 ते 4 काढलेत. फक्त वारा असला की ती बॅगेत गेली पाहिजे, आणि सॅन गोर्गोनियो पासमध्ये, जिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते, तिथे तर हातात धरायचा विचारही नको. तंबूच्या खुंट्यांवर तिथे दगड ठेवा.

मिशन क्रीकचा भाग 2023च्या हिलरी वादळाच्या पुरात वाहून गेला होता, तिथे वाट शोधत, ओढा ओलांडत चालावं लागतं, त्या दिवशी अंतर कमी धरा. डीप क्रीकचे गरम झरे (माइल 308) थकलेल्या अंगाला स्वर्ग आहेत, जरूर बसा, पण डोकं पाण्याखाली घालू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, गरम पाण्यात मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमिबाचा धोका असतो, तशा सूचना तिथे लावलेल्या असतात.

गावं दर 4-6 दिवसांनी येतात. वॉर्नर स्प्रिंग्ज, आयडिलवाइल्ड, बिग बेअर, राइटवुड, अगुआ डुल्से, टेहाचपी. दुकानं चांगली आहेत, सगळं पोस्टाने पाठवायची गरज नाही, मी फक्त मेतकूट-पोह्यांचे 3 खोके पोस्टाच्या जनरल डिलिव्हरीला, म्हणजे आपण येईपर्यंत पोस्टातच ठेवायला, पाठवले होते. एक दिवस पूर्ण आराम, त्याला झिरो डे म्हणतात, 7-8 दिवसांनी एक घ्या.

हायकरटाउन नावाच्या हायकरांच्या थांब्यापासून (माइल 517) मोहावे वाळवंटाचा सपाट कोपरा सुरू होतो, आणि हा एकच भाग खरा सपाट. इथे ट्रेल लॉस एंजेलिस ॲक्विडक्ट म्हणजे पाण्याच्या कालव्यावरून जातो, 1913 साली सुरू झालेला, ओवेन्स व्हॅलीचं पाणी शहरात नेणारा. हे रात्री चालायचं. दिवसभर सावलीत झोपा, 6 वाजता निघा, पौर्णिमा जवळ असेल तर हेडलॅम्पही लागत नाही. आधी मोठा लोखंडी पाइप, मग बंद काँक्रीटचा रस्ता, पायाखाली एका शहराचं पाणी वाहतंय आणि तुम्ही बाटलीतले घोट मोजताय. दोन्ही बाजूंना जोशुआ ट्री हात वर करून उभे, लांबवर पवनचक्क्यांचे लाल दिवे सगळे एकाच वेळी लुकलुकतात. कॉटनवुड क्रीकच्या पुलाशी (माइल 535) नळ आहे, तो चालू आहे का ते हायकरटाउनलाच रिपोर्टमध्ये बघून मग निघा.

टेहाचपी ते वॉकर पास (माइल 652) हा शेवटचा कोरडा भाग आणि मेच्या मध्यात सगळ्यात गरम. इथे बर्ड स्प्रिंग पासला ठेवलेल्या पाण्याच्या भरवशावर लोक जातात, मी जाऊ नका म्हणेन, आधीच्या खात्रीच्या झऱ्यावर सगळ्या बाटल्या भरा, पहाटे 3 ला उठा, 10 ला थांबा. इथे मी सगळ्या बाटल्या भरून चाललो, खांदे लाल झाले, आणि कॅम्पवर पोचलो तेव्हा 1 लिटर उरलं होतं. हा उरलेला लिटर हाच आपला अंदाज बरोबर असल्याचा पुरावा. शून्यावर पोचलात तर नशीब होतं असं समजा आणि पुढच्या वेळी वाढवा.

शौचाचं सांगायचं राहिलं. 6-8 इंच खोल खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून 200 फूट लांब, आणि टिशू पेपर पुरायचा नाही, झिपलॉकमध्ये घालून गावापर्यंत न्यायचा, कारण कोरड्या मातीत तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि वाऱ्याने वर येतो. आपल्याला पाण्याची सवय आहे, बाटलीच्या बुचाला भोक पाडून छोटा जेट करता येतो, पाव लिटरमध्ये काम होतं, फक्त पिण्याच्या बाटलीपासून ती वेगळी ठेवा.

वॉकर पासनंतर झाडं मोठी व्हायला लागतात, आणि केनेडी मेडोजच्या अलीकडे कर्न नदीची दक्षिण शाखा येते. एवढ्या कोरड्या भागानंतर खरी वाहती नदी. सगळे तिथे कपड्यांसकट उतरतात. पुढे माइल 702 ला जनरल स्टोअर, त्याच्या लाकडी डेकवर बसलेले हायकर नवीन माणूस दिसला की उठून टाळ्या वाजवतात, ही तिथली पद्धतच आहे. तिथून परतायला सार्वजनिक वाहन नाही, लिफ्ट मिळायला एखादा दिवस लागू शकतो म्हणून परतीचं विमान 3-4 दिवस मोकळे ठेवून काढा. पुढे सिएरात जाणार असाल तर अस्वलापासून अन्न वाचवणारा कॅनिस्टर इथेच पोस्टाने मागवून ठेवा. मी इथूनच परत फिरलो, रिकाम्या बाटल्या तिथल्या डब्यात ठेवल्या, त्यातल्या दोन एका मुलीने लगेच पाण्याला नेल्या. छत्री मात्र मी घरी आणलीय.